फूटभर पार्टिशन

सुताराने आयुष्यभर पार्टिशनंच उभी केली. प्लायवूडची. एका खोलीत दोन साहेब बसवायचे, दोनाचे तीन करायचे. आणि प्रत्येकाचं म्हणणं, माझीच जागा कमी. मग हा स्क्रू काढी, प्लाय फूटभर सरकवी. टेबलं-खुर्च्या जागच्या जागी.

म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवताना भाचा म्हणाला, "मामा, डिस्कची दोन पार्टिशनं केलीत. एकात सिस्टिम, दुसरं होम, म्हणजे तुमचं घर," तेव्हा ही विद्या त्याला आपल्याच घराण्यातली वाटली.

त्या घरात बायकोचा आवाज होता. अर्धांगवायूने तिची वाचा गेली. त्याआधी ती कामावरच्या नवऱ्याला फोनवर आवाज रेकॉर्ड करून निरोप धाडी: "करवत नेलीत, डबा इथेच! आता लाकूड खा." फोन मोडीत जाण्यापूर्वी भाच्याने ते सगळे डिस्कवर उतरवून घेतले. रोज सकाळी ती स्वतःला ऐके आणि तसे ओठ हलवून पाही. दवाखान्यात तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या मते औषध म्हणाल तर एवढंच.

पुढे सिस्टिम कुरकुरू लागली, जागा संपली. घर मात्र निम्मं रिकामं. सुताराने धंद्यातला उपाय केला: जुनं पार्टिशन काढलं, रेघ फूटभर घराकडे ओढून नवं घातलं. घर उघडेना. यंत्राने विचारलं, फॉरमॅट करू? नव्या पार्टिशनला रंग द्यावाच लागतो, तसंच हे, त्याला वाटलं. तो हो म्हणाला. घर लख्ख उघडलं; आत काहीच नव्हतं. घाबरून त्याने अपडेटही करून पाहिलं.

भाचा येऊन बराच वेळ खाटखुट करत बसला. "मामा, नुसतं काढून थांबला असतात, तर होतं तिथेच परत घालता आलं असतं. सामान हललं नसतं. तुम्ही वरून फॉरमॅट मारलंत, आणि मोकळ्या जागेत सिस्टिमने आपला पसारा ओतला."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलं. मामीच्या आवाजाची दुसरी प्रत कुठे ठेवलीत?"

"समोर बसलीय की."

भाचा हसला नाही, निघून गेला.

सकाळी तिने खुर्ची ओढली, टेबलावर बोट आपटलं. लाव. सगळं पुसलं गेलं, त्याने सांगितलं. तिने पुन्हा बोट आपटलं. तेव्हा तो खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःलाच हाक मारत म्हणाला, "अहो, येताना दूध आणा."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान हलवली. असं नाही. कसं, ते सांगणारं आता घरात कुणी नव्हतं.