इंजिनाला टॉनिक

तिचा नवरा तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतो. बाकीची सरकारं येतात आणि जातात, हे मात्र काही केल्या जात नाही, असंही वर म्हणतो. ती त्याच्यावर रागावत नाही. एक तर नाव तिला चपखल बसतं, आणि दुसरं म्हणजे रागवायला लागणारा वेळ तिने आधीच काळजीसाठी राखून ठेवलेला असतो.

ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेला कुलूप लावून जिन्यापर्यंत येते आणि गॅसचा नळ बंद केला की नाही ते पाहायला परत जाते. शिपायाला हे इतकं सवयीचं झालंय, की पहिल्यांदा कुलूप लागतं तेव्हा तो स्टुलावरून उठतही नाही. “या बाई, एकदा बघून या,” म्हणतो आणि ती परत आली की मगच किल्लीसाठी हात पुढे करतो. लेक तान्ही असताना ती झोपली की श्वास चालू आहे ना हे बघायला ही तिच्या नाकाशी बोट धरायची. त्या बोटाने पोर जागी व्हायची, भोकाड पसरायची. आणि रडतेय म्हणजे श्वास घेतेय, म्हणून हिचा जीव भांड्यात पडायचा.

तर त्या लेकीने मोठी होऊन स्वतःच्या कमाईची गाडी घेतली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. त्यातले बरेचसे डोंगरापलीकडे राहतात. गाडी नसेल तर तिचं कामच बंद. गाडी दारात आली त्या दिवशी तिने आईला समोर बसवून सांगितलं, “आई, या गाडीला तू हात लावायचा नाहीस. बसायचं, बेल्ट लावायचा, उतरायचं. गाडी वॉरंटीत आहे. काही झालं तर कंपनी बघून घेईल.”

“बरं,” आई म्हणाली. तिचं ‘बरं’ म्हणजे काय असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

कंपनी बघून घेईल, हेच तर तिला पटत नव्हतं. कंपनीला कुठे मुलगी होती? सकाळी लेक आंघोळीला गेली की ही कचऱ्याची पिशवी आणि गाडीची किल्ली घेऊन खाली उतरायची. इमारतीच्या मागे चढावर गाड्या लावायची जागा होती. तिथे लेकीची गाडी नाक वर करून उभी असायची. ही इकडेतिकडे बघून बॉनेट उघडायची, तेल मोजायची पट्टी ओढून फडक्याने पुसायची, परत घालून बाहेर काढायची. आणि रोज पट्टीवरचं तेल खालच्या खुणेच्याही खाली असायचं.

गाडी चढावर उभी असली की तेल मागे सरकतं आणि पट्टी कोरडी दिसते. मोजपात्र सपाट पृष्ठभागावर ठेवून मगच पातळी वाचावी, हे ती गेली कित्येक वर्षं नववीच्या मुलांना शिकवत आलीय. तिरपं धरणाऱ्यांचे मार्क कापतेही. पण तिथे तिच्या हातात मोजपात्र असतं, आणि इथे तिच्या डोळ्यांपुढे डोंगरातल्या वळणावर बंद पडलेली गाडी होती.

बाल्कनीच्या कपाटात नवऱ्याच्या जुन्या, कधीच मोडीत गेलेल्या गाडीचं तेल पडून होतं. घट्ट, काकवीसारखं. नव्या गाडीच्या पुस्तकात कुठलं तेल चालतं ते स्पष्ट छापलेलं होतं आणि तिने ते वाचलंही होतं. पण ते तेल पातळ होतं, आणि पातळ गोष्टींवर तिचा मुळातच विश्वास नव्हता. थंडीत पातळ पांघरूण, तापात पातळ औषध, आणि डोंगरात पातळ तेल? घट्ट असलं की अंगी लागतं, अशी तिची खात्री. मग लहानपणी लेकीला टॉनिक पाजायची तसं ती रोज सकाळी इंजिनाला थोडं थोडं पाजू लागली.

इंजिनाने बरेच दिवस निमूटपणे सहन केलं. मग एका सकाळी गाडी सुरू झाली आणि मागून निळसर धुराचा असा लोट निघाला, की तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडक्या लावून घेतल्या. समोर लाल दिवा लागला. लेकीने रुग्णांना फोन करून कळवलं आणि गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. “मी पण येते,” आई म्हणाली.

सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत मॅनेजरने दोघींना बसवलं. “मॅडम, इंजिनात तेल जास्त भरलंय. शिवाय ते आपल्या गाडीला चालणारं नाही. अशात वॉरंटी मिळणं अवघड आहे.”

“तेल तुम्ही भरता,” लेक म्हणाली. “पहिली सर्व्हिस इथेच झाली. त्यानंतर बॉनेटला कुणी हात लावलेला नाही.”

“कुणी म्हणजे कुणीच?”

“आमच्या घरात गाडीला हात लावायची कुणाची हिंमत नाही.”

आईने समोरचं पाणी एका घोटात संपवलं आणि मग मॅनेजरचंही संपवलं.

ती सर्व्हिस करणाऱ्या मेकॅनिकला मॅनेजरने आत बोलावलं. पन्नाशीचा माणूस, हात पुसत दारातच उभा राहिला. “साहेब, आपल्याकडे असलं तेलच नाही, मी टाकणार कुठून?”

“मग काय आकाशातून पडलं?” लेक कडाडली. “तुमची चूक आणि भुर्दंड मी भरायचा? माझे पेशंट तिकडे वाट बघत बसलेत. मी लेखी तक्रार करीन, वरपर्यंत जाईन!”

काय फर्डं बोलत होती! मुद्देसूद, मान ताठ, एक शब्द वावगा नाही. आईचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि त्याच वेळी पायाखालची जमीन सरकली. पोटच्या पोरीला इतकं छान भांडताना बघावं आणि ती सपशेल चुकीच्या बाजूने भांडतेय हे जगात फक्त आपल्यालाच माहीत असावं! गप्प बसलं तर लेकीची वॉरंटी कदाचित वाचेल. मॅनेजर मेकॅनिककडे वळला होता. “हे जर तुमच्याकडून झालं असेल ना, तर तुमची नोकरी वाचवायला मी काही करू शकणार नाही. मागच्या वेळीच सांगितलं होतं.” मेकॅनिकचा चेहरा उतरला.

“मी ओतलं,” आई म्हणाली.



“काय ओतलंस?” लेकीने मान न वळवता विचारलं.

“तेल. बाबांच्या जुन्या गाडीचं.”

“काकू, एवढं तेल एका वेळी?” मॅनेजरने डोळे विस्फारले.

“छे, एका वेळी कशाला?” ती जरा दुखावूनच म्हणाली. “रोज सकाळी थोडं थोडं. उपाशीपोटी.”

मेकॅनिकने तोंडावर फडकं धरलं. त्याचे खांदे हलत होते. मॅनेजरने त्याच्याकडे बघून “सॉरी” म्हटलं आणि नजर टेबलाकडे वळवली. लेक कुणाकडेच बघत नव्हती.

संध्याकाळपर्यंत दोघी तिथेच बाकावर बसून होत्या. इंजिन धुऊन तपासायला वेळ लागणार होता आणि आत काही बिघडलेलं निघालं तर सगळा खर्च लेकीच्या डोक्यावर पडणार होता. आईने “काही खातेस?” असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच काळजी वाटण्याचा हक्क आपण गमावलाय, असं तिला वाटलं. तरी काळजी वाटतच होती. हक्काबिक्काची वाट बघणारी काळजी तिची नव्हेच.

शेवटी मॅनेजर बाहेर आला. “नशीब चांगलं. इंजिन शाबूत आहे. तेल बदलण्याचे आणि साफसफाईचे पैसे भरा. वॉरंटी चालू राहील, पण ही नोंद आता गाडीच्या नावावर कायम राहणार.”

गाडी रस्त्याला लागली. सिग्नलला थांबल्यावर लेक म्हणाली, “कळतंय ना तुला? आता इंजिनाला काहीही झालं, तरी ते म्हणणार, आईने केलं.”

“म्हणू देत,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “घरी तरी दुसरं काय म्हणतात?”

लेकीने हसू दाबायचा आटोकाट प्रयत्न केला. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, तरी तिला पहिला गिअर सापडेना. “आई, तू ना…” एवढंच ती म्हणाली, डोळे पुसले आणि गाडी पुढे काढली.

पुढच्या चौकापर्यंत आईने कमालीचा संयम ठेवला. मग तिला राहवेना.

“अगं, कसला टकटक आवाज येतोय गं?”

“तुझ्या पर्सचं बक्कल दारावर आपटतंय.”

आईने मुकाट्याने पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.