बंद केलेल्या नंबरावर माझा आवाज

आधीच सांगते, मी ॲग्रीची पदवीधर आहे आणि चौदा वर्षं बियाण्याच्या कंपनीत नोकरी करते. लहानपणी आमच्या गावात कुणाच्या घरात कपडे आपोआप पेटले की बायका भानामती म्हणायच्या, आणि मी काड्यापेटी कुणाकडे आहे ते शोधायला जायचे. एकदा सापडलीही होती. तेव्हा खाली जे लिहितेय त्यावर तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही... पण मी खोटं बोलतेय असं कुणी म्हणालं, तर ते ऐकून घेणार नाही. साहेबांचंही ऐकून घेतलं नाही.

आमचं ऑफिस झरीला होतं. परभणीहून जिंतूरला जाताना लागतं ते झरी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर ओटा. आत मोबाईलला रेंज नसायची, म्हणून माझ्या टेबलावर लँडलाइन होती. आसपासच्या पाच-सहा गावांत तो नंबर लोकांना तोंडपाठ. सोयाबीन पिवळं पडायलंय, कपाशीवर काय मारू, असं काहीही विचारायला फोन यायचे. कधी कधी तर बियाण्याचा विषयच नसायचा. लेकीला ॲग्रीला घालू का नर्सिंगला, हेही मला विचारलेलं आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात वरून आदेश आला की ऑफिस परभणीला हलवायचं. दुसरा मजला, काचेचा दरवाजा, एसी, खाली वॉचमन. मी विरोध केला. ईमेल लिहिला, की शेतकरी आपल्याकडे येतात ते ओट्यावर टेकायला मिळतं म्हणून, जिना चढून कोण येणार? उत्तर आलं नाही, सामान न्यायला टेम्पो आला. लँडलाइन बंद करायचा अर्ज मी स्वतः टेलिफोन ऑफिसात दिला आणि आठवडाभरात लाइन बंद झाली. फोनचा डबा मीच वायर गुंडाळून खोक्यात भरला. हे नीट लक्षात ठेवा.

पेरणीच्या तोंडावर नव्या ऑफिसचं उद्घाटन झालं. सकाळी अकरा वाजता, सत्यनारायणाची पूजा वगैरे. पुण्याहून एरिया मॅनेजर देसाई साहेब आले होते. सूत्रसंचालन माझ्याकडे. साहेबांनी लिहून दिलेलं भाषण मी माईकवर वाचलं. त्यात एक वाक्य होतं, ‘आज आपण शेतकऱ्यांच्या आणखी जवळ आलो आहोत.’ वीस किलोमीटर लांब येऊन जवळ! वाचताना जीभ अडखळली, पण वाचलं. अकरा ते पाऊण वाजेपर्यंत मी माईक सोडला नाही. कंपनीनंच काढलेला व्हिडिओ आहे.

दोन दिवसांनी प्रयागबाई आल्या. झरीजवळ त्यांची चार एकर आहे, सगळं स्वतः बघतात. वॉचमननं खाली अडवलं तर त्याला म्हणाल्या, "मॅडमनंच फोन केलाय," आणि वर आल्या. काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. हातात सोयाबीनच्या बियाण्याची पुडी.

"मॅडम, पेरू नका म्हणलाव म्हणून थैल्या तशाच ठेवल्यात, एकीतलं एवढं दाखवायला आणलंय. आता दुसरं बियाणं कवा देताव? पाऊस तोंडावर आलाय."

मला काही कळेना. "मी कधी म्हणाले?"

"आसं काय करायलाव? परवा फोनवर. ह्या लॉटचं पेरू नका, आधी गोणपाटावर उगवून बघा, म्हणलाव की. माझा गुडघा कसा हाय तेबी इचारलाव."

गुडघ्याचं मी नेहमी विचारते. म्हटलं, फोन दाखवा. त्यांच्या मोबाईलमध्ये आलेला कॉल होता. उद्घाटनाच्या दिवशीचा, सकाळी साडेअकराचा, साधारण चार मिनिटांचा. नंबर झरीच्या लँडलाइनचा.

मी तिथंच, त्यांच्याच मोबाईलवरून तो नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं रेकॉर्ड वाजलं. दोनदा लावला. मग आतल्या खोलीत जाऊन खोकं उघडलं. फोन मी ठेवला तसाच होता, वायर गुंडाळलेली.

"दुसरं कुणी असेल, प्रयागबाई. माझ्यासारखा आवाज काढून..."

"मी येडी हाय का? बारा वर्सं तुमचा आवाज ऐकायलेय."

दुपारपर्यंत आणखी दोघं थैल्या परत द्यायला आले. त्यांचंही तेच... तोच नंबर, तीच सकाळ, माझा आवाज. मी त्या वेळी दीडशे माणसांसमोर माईकवर बोलत होते.

आणि त्याहून विचित्र म्हणजे त्या लॉटमध्ये, म्हणजे एका खेपेच्या त्या सगळ्या थैल्यांमध्ये, काही खोट आहे हे मला माहीतच नव्हतं. बियाणं पुण्याहून आलं, थैल्यांवर शिक्का होता, मीच वाटलं होतं.

संध्याकाळी देसाई साहेबांचा फोन. थैल्या परत यायला लागल्याचं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गाडी काढून हजर झाले. "मॅडम, ऑफिस हलवल्याचा राग आहे तुम्हाला, मी समजू शकतो. पण असा काढायचा नसतो. एक कागद तयार केलाय. ‘माझ्याकडून गैरसमजातून चुकीची माहिती गेली, बियाणं उत्तम आहे,’ एवढंच लिहिलंय. सही करा, आणि झरीला जाऊन लोकांना सांगा."

"मी फोन केला नाही. मी तुमच्यासमोर भाषण वाचत होते, साहेब. पहिल्या रांगेत होतात तुम्ही."

"मग कुणी केला?"

"माहीत नाही. टेलिफोन ऑफिसकडून रेकॉर्ड मागवा. लाइन कंपनीच्या नावावर होती, तुम्ही मागितलं तर देतील."

ते त्यांनी मागवलं नाही. आजपर्यंत नाही. मी विचारलं तर म्हणाले, त्याची गरज नाही.

सही मी केली नाही. घरी आले ती प्रयागबाईंची पुडी घेऊन. शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी केली आणि मोरीजवळ सावलीत ठेवली. शेतकऱ्याला आम्ही हेच तर शिकवतो. नवरा म्हणाला, "नोकरी जाईल." म्हटलं, जाऊ दे. रोज पाणी शिंपडत होते आणि मनातून, खरं सांगते, ते बियाणं उगवावं असंच वाटत होतं. उगवलं असतं तर सगळा भास ठरला असता आणि मी सुटले असते.

सहाव्या दिवशी उघडलं. निम्म्याहून जास्त दाणे कुजले होते.

मी ती गुंडाळी तशीच घेऊन ऑफिसात गेले. आत मीटिंग चालू होती, साहेब होतेच. काचेच्या टेबलावर गोणपाट पसरलं. पाणी ओघळून त्यांच्या कागदांखाली गेलं. वास सगळ्यांना आला.

"हे बियाणं चांगलं आहे असं झरीला जाऊन सांगायचं असेल तर तुम्ही जा," मी म्हणाले, "मी येणार नाही."

साहेबांनी गोणपाटावरचा एक दाणा बोटानं दाबून बघितला. मग बाहेर जाऊन पुण्याला फोन लावला. चार दिवसांत तो लॉट मागे घेतला गेला आणि दुसरं बियाणं आलं. प्रयागबाईंची पेरणी आठवडाभर मागे पडली, पण झाली. त्या लॉटचं त्यांच्या गावात कुणीही पेरलं नाही.

मला मेमो मिळाला, परवानगीशिवाय चाचणी केल्याबद्दल. मी लेखी उत्तर दिलं की पुढेही करीन. त्यावर काही आलं नाही. आता दर गुरुवारी मी झरीला जाते आणि जुन्या ऑफिसच्या ओट्यावर बसते. कंपनीनं त्याला इंग्रजी नाव देऊन आपल्या रिपोर्टात घातलंय. घालू दे.

प्रयागबाईंना यात नवल काहीच वाटत नाही. मी अजून त्यांना म्हणते, तो फोन माझा नव्हता. त्या म्हणतात, "नसंल. पर आवाज तुमचाच होता."

अनेक तर्क ऐकून झालेत. कुणी म्हणतं पुण्यातल्या कुणाला तरी लॉटचं कळलं असेल आणि त्यानं आवाज बदलून फोन केला. असेल. पण बंद नंबरावरून? आणि प्रयागबाईंचा गुडघा दुखतो हे पुण्यात कुणाला ठाऊक? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि सापडलं असं सांगणाऱ्या कुणाचं मला पटलेलं नाही.

भीती वाटली का, असं विचारतात. त्या आवाजाची नाही वाटली. पण एक प्रश्न सोडत नाही. लॉट खराब आहे हे त्या सकाळी मला ठाऊक असतं, तर साहेबांना न विचारता मी झरीला फोन केला असता का? तेव्हा... बहुतेक नसता केला. आता करीन, आणि नाव सांगून करीन.