चौकटीवरची हिरड्याची पोटली

हिरड्याचं नाव निघालं की भिवंडीजवळच्या शेलार गावातला तो गाळा अजून डोळ्यांसमोर उभा राहतो.

औषधी मालाच्या एका व्यापाऱ्याने फिर्याद दिली, की भाड्याच्या गाळ्यात ठेवलेला त्याचा उत्तम हिरडा काढून कुणीतरी गोण्यांत निकस माल भरला. त्याला विम्याचे पैसे हवे होते. कुलूप शाबूत होतं. आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, हिरडा कोण चोरतंय? चोराला खोकला झाला असेल!"

नमुने सील करून प्रयोगशाळेत पाठवले. हिरड्याचा गुण त्याच्या तुरटपणात, म्हणजे टॅनिनमध्ये. अहवालात ते नावापुरतंच निघालं. अर्क काढून घेतलेला हिरडा पुन्हा वाळवलेला होता. त्यातच धामणकर नाक्यावरच्या खबऱ्याने टीप दिली, की दुसरी चावी गाळामालकाकडे आहे.

गाळामालक गावातलाच. त्याने चावी आपणहून टेबलावर ठेवली. "सायेब, परवा पोरीची हलद हाय. मी चोर न्हाय."

वरिष्ठांचे अटकेसाठी फोन सुरू झाले. मला घास गोड लागेना. पुन्हा गाळा पाहायला गेलो, तेव्हा चौकटीवर लाल कापडाची पोटली दिसली. गाळामालकाने सांगितलं, पहिला माल उतरला त्या दिवशी पूजा करून पहिल्या गोणीतले मूठभर हिरडे तिच्यात बांधले होते.

ती उघडण्याआधी व्यापाऱ्याला बोलावलं. "ही कुणी बांधली?"

"मीच की, साहेब. गाठही माझीच, सुटलेली नाही."

तसा जबाब नोंदवून सही घेतली. मग पंचांसमक्ष पोटली सील केली. ती प्रयोगशाळेत जाणार म्हटल्यावर त्याने पाणी मागितलं.

गाळामालकाला मी स्पष्ट सांगितलं, "यात चांगला हिरडा निघाला, तर तुम्हाला आत घ्यावं लागेल."

"पाठवा, सायेब."

हळदीच्या दिवशी दुपार टळली तरी अहवाल नव्हता. मांडवात बँजोवाले नुसते बसून असल्याचं कळलं. संध्याकाळी अहवाल हातात आला. पोटलीतला हिरडाही तसाच निकस. म्हणजे माल आला तोच तसा. व्यापारी फार वेळ टिकला नाही. विम्यासाठी त्यानेच तो आणून ठेवला होता.

गाळामालकाला फोन केला. तो फोन हातात धरूनच मांडवाकडे ओरडला, "वाजवा रं!"

पहिला अहवालही खराच होता. माल निकस आहे एवढंच त्याने सांगितलं होतं, चोर आम्ही ठरवत होतो. पुढे निवृत्तीपर्यंत कुठलाही अहवाल हाती आला, की मी आधी विचारायचो, हा नमुना कधीचा?