जिन्यातली हाक

मुलुंडच्या आमच्या इमारतीत राहणारा एक गृहस्थ संध्याकाळी कचेरीतून परतला की पहिल्या पायरीवर थांबून घसा खाकरी आणि मुलीला हाक मारी, "सुलू, आलो गं!" चार वर्षांची सुलू लगेच जिना दणाणून सोडत खाली धावे.

पंच्याऐंशी सालच्या थंडीत तिला गालगुंड झाले. घरच्यांनी लेप लावला, सूज उतरली. परंतु त्याच विषाणूने तिच्या अंतःकर्णाला इजा केली होती. दोन्ही कान कायमचे गेले. असे क्वचितच घडते, एवढेच डॉक्टर म्हणाले. माझा संताप अनावर झाला. मी आरोग्य खात्याला खरमरीत अर्ज लिहिला आणि सुलूच्या वडिलांना म्हणालो, "तुम्ही केवळ सही करा. दाद मी मागतो."

"कोणाविरुद्ध, काका? गालगुंडाविरुद्ध?" तो हसला आणि चष्मा पुसू लागला.

शेजारीपाजारी मुलीच्या पाठीमागे ताट बडवून तिची परीक्षा घेत. "बहिरी आली" असे उघड म्हणत.

तो मात्र रोज हाक मारतच राहिला, पूर्वीपेक्षा मोठ्याने. अखेर न राहवून मी विचारले, "तिला ऐकू येत नाही, हे ठाऊक असूनही हे कशासाठी?"

"तिच्यासाठी कुठे, काका? तुम्हा सगळ्यांसाठी. अख्खी बिल्डिंग तिला बहिरी म्हणते. तिचं नाव सुलू आहे, हे रोज एकदा कानावर पडू दे ना लोकांच्या."

मग तो वर गेला. सुलू दाराकडे पाठ करून बसली होती. त्याने वाकून खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती दचकून वळली.