मास्तरांचा दुसरा ब्रेक

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्या एका इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत कामाला होत्या. धुऊन आलेल्या चादरी मोजून घ्यायच्या, विरलेल्या बाजूला काढायच्या, उरलेल्या वॉर्डांना वाटायच्या. पण नवरा मास्तर, म्हणून त्या मास्तरीणबाई. आणि मास्तर तरी कसले, तर मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे. शाळेला ना फळा ना घंटा. एक जुनी गाडी, तिच्या टपावर पिवळी पाटी आणि शेजारच्या सीटसमोर मास्तरांसाठी बसवून घेतलेला जादा ब्रेक. शिकाऊ माणूस गडबडला की मास्तर तो दाबत. या दुसऱ्या ब्रेकने आजवर बरीच माणसं, कुत्री आणि कुंपणं वाचवली होती.

तो ब्रेक मास्तरांच्या पायात इतका मुरला होता की गाडीबाहेरही सुटत नसे. न्हाव्याने वस्तरा मानेजवळ आणला की पाय दाबला जाई. टीव्हीवर घोडा उधळला की पाय दाबला जाई. मुलीने फोनवर लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा मास्तरांनी तोंडाने "वा, छान" म्हटलं आणि पायाने स्टूल पार भिंतीपर्यंत ढकललं.

आसपासच्या निम्म्या बायका मास्तरांच्या हाताखाली गाडी शिकल्या. राहिली ती एकटी घरची. लग्न झाल्यापासून मास्तरीणबाई मागे लागल्या होत्या आणि मास्तर लग्न झाल्यापासून हुलकावण्या देत होते. आधी म्हणाले, नवऱ्याने बायकोला गाडी शिकवली की घर मोडतं. मग म्हणाले, मुलगी लहान आहे. मुलगी मोठी होऊन परगावी गेली, तेव्हा म्हणाले, शाळा बंद करेन त्या दिवशी पहिली तू. बाईंना गाडीतून मिरवायचं नव्हतं. रोज रिक्षाने पूल ओलांडून कामावर जाताना समोर रिक्षावाल्याची पाठ असायची, आणि त्या पाठीपलीकडे काय येतंय ते त्यांना कधी दिसायचं नाही. एकदा तरी पुढचं आपलं आपण बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

शेवटी मास्तरांनी शाळा बंद केली. टपावरची पाटी उतरवली. मास्तरीणबाईंनी तिकडे नव्या चपला घेतल्या, पातळ तळव्याच्या, पायाला पेडल नीट कळावं म्हणून. आणि नेमकं त्याच आठवड्यात मास्तर वाचनालयात एक भाषण ऐकून आले.

भाषण तापत चाललेल्या हवेवर होतं. बोलणारी बाई तरुण होती आणि आवाज न चढवता बोलत होती, त्यामुळे मास्तरांना झोप आली नाही. माणसाने जन्मभरात आपण किती धूर सोडला ते एकदा मनाशी आठवावं, असं ती म्हणाली. मास्तरांनी आठवून पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. ते जन्मभर गाडी चालवत होते, आणि गेले कुठे, तर शिकवणीच्या त्याच मैदानाभोवती. दुसरे लोक निदान धूर सोडून कुठेतरी पोचले तरी होते.

"आजपासून बदल," घरात पाऊल टाकताच त्यांनी जाहीर केलं. "छोटे छोटे. रोजचे. लिफ्ट बंद, जिने चढायचे. आंघोळीला एक बादली. एसी बंद. खोलीतून उठलो की दिवा बंद."

"आणि गाडी?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ती तर पहिली बंद."

"मग माझं शिकणं?"

"अगं, जग तापलंय आणि तुला गाडी सुचतेय?"

दुसरी कुणी असती तर तिने भांडी आपटली असती. मास्तरीणबाईंचा राग इतका सरळ कधीच नसे. राग आला की त्या गोड होत. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या, आणि मास्तरांचा पाय उगाचच जमिनीवर दाबला गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बदल असे काही मनावर घेतले की मास्तरांच्या नाकीनऊ आले. मास्तरांचा सकाळचा चहा पेपर वाचता वाचता गार व्हायचा आणि तीनतीनदा गरम व्हायचा. "गॅस वाया," म्हणत बाईंनी ते बंद केलं. मास्तर दुपारी खुर्चीत झोपत आणि टीव्ही एकटाच बोलत राही. बाई कामावरून आल्या की आधी टीव्ही बंद करत. बंद केला रे केला की मास्तर जागे होऊन म्हणत, "मी बघत होतो." "काय चाललं होतं?" असं विचारलं की मूग गिळून बसत. घरात घालायच्या शर्टांना इस्त्री बंद झाली. जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून झाल्या, आणि इस्पितळाच्या वॉर्डाचा छाप असलेली पिशवी घेऊन भाजी आणायला मास्तरांनाच जावं लागलं. भाजीवाल्याने काळजीने विचारलं, "काही जास्त नाही ना मास्तर?"

एवढं होऊनही मास्तर कुरकुरत नव्हते. उलट सकाळी खाली जाऊन येत ते अगदी ताजेतवाने होऊन. याचं कोडं तळमजल्यावरच्या शिंपीदादांनी सोडवलं. त्यांनी सोडवलं म्हणजे सहज बोलून गेले, "वहिनी, मास्तरांना म्हणावं, गाडीचं तोंड जरा पलीकडे करा. सगळा धूर माझ्या दुकानात येतो."

दुसऱ्या सकाळी मास्तरीणबाई पातळ तळव्याच्या चपला घालून खाली उतरल्या. झाडाखाली गाडी उभी होती. काचा बंद, इंजिन चालू, एसी चालू आणि आत मास्तर पेपर वाचत बसलेले. बाईंनी काचेवर टकटक केली. मास्तरांनी आतून ब्रेक दाबला. गाडी उभीच होती, पण मागचे लाल दिवे लागले आणि चोरी जास्तच उजेडात आली.

"बॅटरी उतरते," काच खाली करत मास्तर म्हणाले. "चालू ठेवावी लागते अधूनमधून."

"आणि एसी?"

"एसीपण... खराब होतो ना वापरला नाही तर."

"बरोबर आहे तुमचं," बाई पुन्हा गोड झाल्या. "मग इंजिन चालूच आहे, तर सरका तिकडे. मी शिकते. धूर वाया कशाला घालवायचा?"

मास्तर पुरते खिंडीत सापडले. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "नकोच ती कटकट. उन्हाळा संपला की विकून टाकू गाडी."

हे मात्र बाईंना लागलं. इतकी वर्षं 'नंतर' ऐकायची त्यांना सवय होती, 'कधीच नाही' ऐकायची नव्हती. कपड्यांच्या खोलीत त्या दिवशी त्यांच्या चादरी दोनदा चुकल्या. पण संध्याकाळपर्यंत तोडगा निघाला होता.

"विका हवं तर," जेवताना त्या म्हणाल्या. "तोवर इंजिन बंद ठेवूनच शिकवा. धूरच नाही, म्हणजे तुमची काही हरकत नसणार."

मास्तरांनी बरंच आठवून पाहिलं, पण हरकत सापडली नाही.

आणि झाडाखाली, एक फूटही पुढे न जाणाऱ्या गाडीत, शिकवणी सुरू झाली. बाई चालकाच्या जागी, मास्तर शेजारी, दुसऱ्या ब्रेकसमोर. "आरसा बघ. क्लच दाब. पहिला गिअर. आता चढ आलाय. आता डावीकडे वळण." बाई वळत. थांबलेल्या गाडीचं स्टिअरिंग फिरवून दंड भरून येत, पण त्या वळत. मास्तरांना शिकवण्याची जुनी नशा चढली. "ट्रक आला समोरून," ते ओरडत आणि आपला ब्रेक सर्वशक्तीनिशी दाबत.

"अहो, गाडी उभी आहे."

"ट्रक उभा नव्हता."

येणारेजाणारे थांबून बघत. कुणी खिडकीत वाकून विचारी, "मास्तर, स्टेशनपर्यंत सोडता का?" शिंपीदादा रोज हात दाखवून गाडी थांबवत. वरच्या मजल्यावरच्या नर्सने एकदा चक्क मागे बसून डबा खाल्ला आणि उतरताना म्हणाली, "काकू, फार छान चालवता. जरासुद्धा धक्के बसले नाहीत." बाईंनी हसून मान डोलावली. त्या नर्सशी त्यांचं आणखी एक बोलणं झालं होतं, ते मास्तरांना माहीत नव्हतं.

उन्हाळा संपत आला. गाडी बघायला एक गिऱ्हाईक येणार, असं मास्तर सांगू लागले. ज्या सकाळी ते यायचं होतं, त्या सकाळी मास्तर खाली उतरले तर झाडाखाली सभाच भरलेली. नर्स आपल्या स्कूटरसह, शिंपीदादा आपल्या मोटारसायकलसह, शेजारच्या इमारतीतले बँकवाले आपल्या भल्यामोठ्या गाडीसह, आणि मास्तरीणबाईंचा रोजचा रिक्षावाला.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या भाषणवाल्या बाईंचं काम आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हे बघा. आम्ही सगळे सकाळी पुलापलीकडे जातो. ही माझ्याच इस्पितळात, शिंपीदादा कापडबाजारातल्या आपल्या दुसऱ्या दुकानात, साहेब बँकेत. पुलावरून बस जात नाही. मी एकटी रिक्षात, ही एकटी स्कूटरवर, दादा एकटे मोटारसायकलवर, आणि साहेब त्या हत्तीत एकटे. आपली एक गाडी निघाली तर या चारही गाड्या घरी राहतात. गाडी विकलीत तर चारही धूर सोडत सुटणार. कसं करायचं ते तुम्हीच सांगा."

"मला दुपारच्या शाळेची मुलं मिळालीत," रिक्षावाल्याने खुलासा केला. "माझी काळजी नको."

मास्तरांनी डोकं खाजवलं. "मी नेतो की रोज. हिने कशाला चालवायची?"

"तुम्ही आम्हाला सोडून रिकामी गाडी परत आणणार आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी घेऊन येणार," बाई म्हणाल्या. "मी चालवली तर गाडी दिवसभर तिथेच उभी राहील."

शिंपीदादांनी हसू दाबलं. मास्तरांनी टपावर पाटीचे ठसे होते तिकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत, इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलून गेले.

"लोकांना शिकवताना मला भीती वाटत नाही. तू स्टिअरिंगवर बसलीस की वाटते. रस्त्यावर काय काय होतं ते मी बघितलंय. तुझ्या जवळपास ते नको, एवढंच होतं गं. बाकी सगळी निमित्तं."

मास्तरीणबाई या वेळी गोड झाल्या नाहीत. इतकी वर्षं ज्याला त्या नवऱ्याचा हट्ट समजत होत्या ती साधी भीती निघाली, याचं त्यांना एकदम वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, की हे आधी सांगायला काय झालं होतं. "घाबरायचं तर घाबरा," शेवटी त्या म्हणाल्या. "पण शिकवा."

गिऱ्हाईक आलं ते चहा पिऊन परत गेलं.

मग इंजिन चालू करून शिकवणी झाली, त्याच मैदानाभोवती. बाईंचे हातपाय आधीच तयार होते, त्यामुळे पेट्रोल फारसं लागलं नाही. परीक्षा घेणारे साहेब मास्तरांचेच जुने विद्यार्थी निघाले. मास्तर बाहेर उभे राहून डोळे वटारत होते, त्यामुळे घाम बाईंऐवजी साहेबांना फुटला. बाई मात्र आपल्या हिमतीवर पास झाल्या, हे साहेबांनी मास्तरांना तीनदा सांगितलं.

पहिल्या दिवशी मास्तरही निघाले. "सोबत म्हणून," ते म्हणाले आणि सवयीने पुढे बसले. मागे नर्स, शिंपीदादा आणि बँकवाले. गाडी निघाली. कोपऱ्यावर सायकलवाला दिसला, मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. पुढे मांजर दिसलं, मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. पुढे काहीच दिसलं नाही, तेव्हा मास्तरांना संशय आला आणि त्यांनी ब्रेक दाबला. मागून हॉर्न वाजू लागले.

मास्तरीणबाईंनी गाडी शांतपणे कडेला घेतली. "अहो, असं दोघांनी चालवलं तर दुप्पट पेट्रोल जाईल," त्या म्हणाल्या. "मागे बसा."

मास्तरांनी दुसऱ्या ब्रेककडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. दार उघडून ते उतरले आणि मागे गेले. बँकवाले पुढे आले. आपल्याच गाडीत मास्तर आयुष्यात प्रथमच मागे बसले होते, शिंपी आणि नर्स यांच्यामध्ये अंग चोरून.

पुलाच्या अलीकडे ट्रक आला. या वेळी तो खराच होता.

"मास्तर, तो माझा पाय आहे," शिंपीदादा कळवळून म्हणाले.

ट्रक गेला. मास्तरीणबाईंनी वेग कमी केला होता, वाट दिली होती आणि पुन्हा गिअर टाकला होता, सगळं कुणी न सांगता. समोर पूल सरळ पसरला होता आणि मध्ये कुणाचीच पाठ नव्हती. त्यांनी आरशात पाहिलं. मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

"अगं," थोड्या वेळाने ते म्हणाले, "ही नदी केवढी रुंद आहे."

"तेवढीच होती पहिल्यापासून," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मी कधी बघितली नाही," मास्तर म्हणाले, "मी रस्ता बघत होतो." आणि ते पूल संपेपर्यंत नदीकडे बघत बसले.