न वाचता केलेली सही

कुलगुरूपदाचं पत्र आलं तेव्हा माझ्याकडे एकच संशोधक विद्यार्थिनी उरली होती. हडपसरच्या एका तंत्रनिकेतनात ती शिकवायची, वय चाळिशीला टेकलेलं. जुने मोडी कागद संगणकाला वाचायला शिकवायचे, हा तिचा विषय. मोडीत अक्षराला अक्षर लागून असतं. एक शब्द कुठे संपला ते माणसालाही पटकन कळत नाही. तिने त्यावर जी युक्ती काढली होती, ती पाहून मला फार दिवसांनी कुणाचा तरी हेवा वाटला होता.

"आता आपलं कसं करायचं, मॅडम?" तिने विचारलं.

"शनिवार सकाळ तुझी. त्यात बदल नाही."

दोन शनिवार पाळले. तिसऱ्या शनिवारी परीक्षेच्या गोंधळावर बैठक लागली, मग बैठका लागतच गेल्या. ती दोन बस बदलून यायची आणि बाहेर बसून राहायची. एकदा दार उघडं होतं, तेव्हा मी तिला पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं थांब म्हणून, आणि मागच्या दाराने एका उद्घाटनाला निघून गेले. तिने ईमेलने चौथं प्रकरण पाठवलं. 'छान आहे, सविस्तर बोलू,' असं मी उत्तर दिलं. वाचलं नव्हतं.

पुढे वर्षभराने एका परिसंवादात ती दिसली.

"काय गं, चौथं प्रकरण कुठवर आलं?"

"मी नोंदणी रद्द केली, मॅडम. चार महिने झाले. मार्गदर्शक म्हणून सही आपणच केलीत."

कार्यालयात परतल्यावर फाइल मागवली. सही माझीच होती, चांगली ठळक. कारणाच्या रकान्यात तिने 'वैयक्तिक' एवढंच लिहिलं होतं. रोज सह्यांचा गठ्ठा यायचा, त्यात तो कागद निघून गेला होता. त्याच दिवशी तिला फोन करायला हवा होता. लाज वाटली म्हणून केला नाही, आणि तिचा निर्णय तिने घेतला असं स्वतःला सांगत राहिले.

मुदत संपून मी कर्वेनगरच्या घरी परतले, तेव्हा कुठे ते प्रकरण वाचलं. नवव्या पानावर समासात लिहिलं होतं, 'मॅडम, इथे अडकले आहे. दिशा चुकते आहे का?' दिशा चुकत नव्हती. समोर बसली असती तर दहा मिनिटांत सांगितलं असतं.

फोन केला. म्हटलं, "पुन्हा नोंदणी करू. आता मला वेळच वेळ आहे."

"आपल्याला आहे, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "माझ्याकडे आता अख्खा विभाग आहे सांभाळायला. आणि खरं सांगू, तो विषय मनातून उतरला."

मी माफी मागितली. "असू दे," म्हणाली. मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि तासाची घंटा झाली म्हणून फोन ठेवला.