स्तामेनाच्या नवऱ्याचे डोळे

विदा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "कुमा, मी आयुष्यात केलं काय? लोकांचे मुरूम पुसले." मी फोन आपटला नाही, कारण फोन माझा होता. पण तेव्हापासून डोकं तापलंय. तुझ्या लग्नात साक्षीदार म्हणून तुझ्या डोक्यावर मुकुट धरणारी मी, आणि जन्मभर तू मला कुमा म्हणतेस. तेव्हा तुला खडसावायचा हक्क माझाच. तू तिकडे नोवी सादला लेकीकडे मोजे विणत बसून असलं बोलतेस, म्हणून लिहून काढते. चुका काढायच्या तर काढ, पण आधी शेवटपर्यंत वाच.

सोळाव्या वर्षी तू खेड्यातून नेगोटिनला आलीस ती थेट मास्तर ओब्रेनच्या फोटो स्टुडिओत. खालून उजेड येणारी काचेची पेटी, तिच्यावर निगेटिव्ह, हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. कुणाची सावली फार काळी आली, तर निगेटिव्हच्या तेवढ्याच जागी पातळ लाल रंगाचा हात फिरवायचा. तिथे उजेड अडतो आणि छापताना सावली हलकी होते. मी रसायनशास्त्राची शिक्षिका. तो रंग काय करतो हे फळ्यावर छान समजावलं असतं, पण लावायला गेले असते तर अख्खं लग्न लाल केलं असतं. तूही एकोणिसाव्या वर्षी एका नवरीच्या गालावर पेन्सिल खोल दाबलीस आणि निगेटिव्ह गेली. ओब्रेन महिनाभर तुझ्याशी बोलला नाही. पुढे कितीही वर्षांनी ती नवरी रस्त्यात भेटली की तू पलीकडच्या फुटपाथवर जायचीस.

मग ओब्रेन गेला आणि त्याच्या मुलाने कॉम्प्युटर आणला. तू चोपन्न वर्षांची. त्याला वाटलं, म्हातारी घाबरून आपणच घरी बसेल. प्रोग्रामचं पुस्तक विटेएवढं जाड आणि सगळं इंग्रजीत. तुला दोनच भाषा येत होत्या, आपली आणि शिव्यांची. म्हणून रोज दुपारी मी कॉफीवर तुला ते वाचून दाखवायचे. ॲडजस्टमेंट लेयरचं प्रकरण आलं तेव्हा मी सांगितलं, "फोटोवर एक अदृश्य थर ठेवायचा. तो खालचं उजळ करतो, गडद करतो, रंग बदलतो. आणि त्याला एक मास्क जोडलेला असतो. मास्क पांढरा असेल तिथे थर काम करतो, काळा असेल तिथे करत नाही, करडा असेल तिथे अर्धवट."

तू कप खाली ठेवलास. "अगं, हा तर आपला लाल रंग! एवढ्याला तीस पानं? या लोकांना बायका नाहीत का घरी, गप्प बसवायला?"

"पुढे ऐक. खालच्या मूळ फोटोला हातच लागत नाही. थर काढला की फोटो होता तसा."

तू ते पान माझ्याकडून दुमडून घेतलंस. मला वाटतं, तुला ती नवरी आठवली.

आता स्तामेना. तिचा नवरा झितोमिर फेब्रुवारीत गेला. माणूस गेला की आपल्याकडे शोकपत्रकं लागतात. चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाने, झाडांवर, खांबांवर, घराच्या फाटकावर. त्यावर फोटो हवाच. आणि झितोमिरचा फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की हा द्राक्षांच्या मळ्यात पळायचा. ओळखपत्रावरचा वीस वर्षांपूर्वीचा, बिनमिशीचा. तो बघून स्तामेना म्हणाली, "हा कोण कारकून? याच्याशी माझं लग्न झालेलं नाही." उरला एकच, आदल्या सप्टेंबरातला द्राक्षतोडणीचा. भर दुपार, डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, आणि कपाळापासून मिशीपर्यंत नुसता काळोख.

ती आधी तुझ्याकडे आली नाही. बस स्टँडजवळच्या ग्वोझदेनकडे गेली, कारण तो अर्ध्या तासात देतो. कसा देतो हे गावाला ठाऊक होतं. त्याच्या कॉम्प्युटरवर तीन कोट आणि चार टाय तयार. वरती फक्त डोकं बसवायचं. आपल्या दफनभूमीत अर्धे पुरुष एकाच टायमध्ये झोपलेत. पण कोट असतात तसे तयार डोळे कुठून आणणार? ग्वोझदेनने डोकं चालवलं. त्याच्या कपाटात झितोमिरच्या भावाचा, ल्युबिसावचा फोटो होता. रक्त एकच, डोळे चालतील! ते कापून टोपीखाली चिकटवले आणि चाळिसाव्याची पत्रकं गावभर लागली.

बांधावरच्या एका अक्रोडावरून ते दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे ग्वोझदेन सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ल्युबिसाव चौकातल्या झाडासमोर उभा राहून ओरडला, "अरे, हे माझे डोळे आहेत! जिवंतपणी याने माझं अक्रोडाचं झाड घेतलं, आता मेल्यावर डोळे घेतो?" बाजार हसून लोळला. स्तामेनाने काळ्या कपड्यांत गावभर फिरून एकेक पत्रक आपल्या हाताने फाडलं. मग तुझ्या स्टुडिओत येऊन बसली.

"थडग्यावर दोघांची नावं कोरून झालीत," ती म्हणाली. "दगडात बसवायचा माझा चिनी मातीवरचा फोटो भाजून तयार आहे. त्याची जागा रिकामी. ऑगस्टात सहा महिन्यांचा विधी. त्याच्या चेहऱ्याने त्याला बसवता आलं तर बसवा. नाहीतर माझाही लावू नका. परक्याशेजारी मी झोपणार नाही."

ओब्रेनचा मुलगा म्हणाला, "काकू, काळं ते काळं. तिथे काही नाहीये."

तू प्रिंट खिडकीशी नेलास, तिरका धरलास. "काळं नाही. गडद तपकिरी आहे. ठेवून जा."

पुढचे नऊ दिवस मी तिथेच होते, म्हणून मला सांगू नकोस की ते सोपं होतं. पहिला थर ठेवून उजळवलंस तर टोपी आणि आभाळ पांढरंफटक होऊन उडून गेलं. मग त्या थराचा मास्क पुरता काळा केलास, म्हणजे थर आहे आणि नाहीही. आणि अगदी हलक्या पांढऱ्या ब्रशने तो काळेपणा उघडायला लागलीस. आधी गालाचं हाड. मग पापणी. फुंकर मारल्यासारखा तुझा हात. चेहरा वर यायला लागला तो हिरवा. मी म्हटलं, "मेलेला माणूस हिरवाच असायचा." तू म्हणालीस, "शिक्षिका झालीस आणि डोकं गहाण टाकलंस का? वेलीच्या पानांचा उजेड पडलाय त्याच्यावर." त्या हिरव्यासाठी दुसरा थर, त्याचा दुसरा मास्क, फक्त सावलीपुरता. हनुवटीवर ऊन होतं तिथे तू एक ठिपका पुढे गेली नाहीस.

आठव्या दिवशी डोळे आले. उजवा उघडा, डावा अर्धा मिटलेला.

ओब्रेनचा मुलगा मागून बघत होता. "आता झालंच की. उजवा डोळा कॉपी कर, उलटा करून डावीकडे लाव. कोण बघतंय?"

"त्याची बायको बघतेय," तू म्हणालीस आणि त्याला पाव आणायला पाठवलंस. मालकाला!

पण तू घाबरली होतीस, विदा. झितोमिरला तू जवळून कधी पाहिलं नव्हतंस. तो अर्धा डोळा खरा की कागदावरचा डाग, हे तुला ठरवता येत नव्हतं. डाग असेल तर ग्वोझदेनमध्ये आणि तुझ्यात फरक काय राहिला? तरी तू त्याला हात लावला नाहीस.

स्तामेना आली. तू सगळे थर बंद ठेवले होतेस. तिने तोच जुना काळोख बघितला आणि पर्स उचलली. तू पहिला थर चालू केलास. मग दुसरा.

ती उभीच राहिली. तिची खात्री पटावी म्हणून तू परत बंद करायला गेलीस, "बघ, मी काही घातलेलं नाही, खाली तुझाच फोटो..."

"बंद करू नकोस!" ती ओरडली. मग पडद्याला म्हणाली, "कुठे होतास रे इतके महिने, गाढवा?" आणि बोटाने तो डावा डोळा पुसल्यासारखा केला. "गांधीलमाशी चावली होती याला लहानपणी. तेव्हापासून डोळा असाच. कुणी मुलगी देईना. म्हणून मला मिळाला."

ऑगस्टातली पत्रकं लावायला स्तामेना स्वतः गेली, आणि तुला आणि मला दोघींना ओढत घेऊन गेली. चौकातल्या झाडापाशी ल्युबिसाव आला. आता काय बोलतो म्हणून बाजार कान टवकारून उभा. त्याने टोपी काढली. पत्रकाच्या अगदी जवळ गेला.

"हा तोच," तो म्हणाला. "हरामखोर माझ्याकडे नेहमी असाच बघायचा." मग स्तामेनाकडे वळला. "वहिनी, विधीला आलो तर चालेल का?"

"ये. अक्रोड घेऊन ये," ती म्हणाली.

आला, गेल्या हंगामातले पोतंभर घेऊन.

त्यानंतर तुझ्या दारात जी रांग लागली ती तू विसरलीस का? जळक्या, डागाळलेल्या, अंधाऱ्या फोटोंच्या पिशव्या घेऊन माणसं प्राहोवोहून, थेट क्लादोवोहून आली. ग्वोझदेनही आला, तोंड पाडून. "विदा ताई, तो मास्क मला दाखवाल का?" तू त्याला सगळं दाखवलंस, आणि आधी त्याच्याकडून चारही टाय पुसून घेतलेस. ओब्रेनच्या मुलाने पाटीवर स्वतःच्या नावाखाली तुझं नाव रंगवलं. तू अक्षरं बारीक आहेत म्हणून भांडलीस आणि मोठी करून घेतलीस. हे मुरूम पुसणं नव्हे, बाई.

एक राहिलं. विधीनंतर स्तामेनाने तुला गिबानित्सा पाठवली होती, चीजचे थर भरलेली, निळ्या तबकात. ती आपण दोघींनी दोन दिवसांत संपवली. भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून तू म्हणालीस, "कुमा, तुझ्या वाटेवर आहे, काहीतरी घालून देऊन ये." मी म्हटलं, आलुबुखार पिकले की देईन. ते पिकले, त्यांची दारू झाली, ती प्यायलीही गेली. तबक माझ्या कपाटावर आहे. त्यात कांदे ठेवते.